कुटुंबासाठी पिकअप घ्यायची असेल, तर विचाराची सुरुवात मागच्या सीटपासून करावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. दिंडोरी तालुक्यात चार एकर द्राक्षबाग आहे, राहणे नाशिकला गंगापूर रोडवरच्या फ्लॅटमध्ये, आणि घरात पती-पत्नी, दोन शाळकरी मुले व गुडघेदुखीने त्रस्त आई अशी पाच माणसे आहेत. सध्या एक जुनी हॅचबॅक आहे. खते, औषधे, ठिबकचे साहित्य बागेवर न्यायचे म्हटले की दर वेळी छोटा हत्ती भाड्याने सांगावा लागतो. हॅचबॅक विकून एकच डबल कॅब पिकअप (आत बसायला दोन रांगा, मागे मालासाठी उघडा हौदा) घेतली, तर बाग आणि कुटुंब दोहोंची सोय होईल का, आणि घ्यायची तर कोणती?

नाशिकमध्ये गाड्यांची दुरुस्ती आणि जुन्या गाड्यांची खरेदीपूर्व तपासणी हे माझे अनेक वर्षांचे काम आहे, आणि जिल्ह्यातल्या बागायतदार कुटुंबांकडून हा प्रश्न मला नेहमी येतो. सोय होईल, पण दोन अटींवर. गाडीची नोंदणी खासगी वर्गात झाली पाहिजे, आणि मागच्या सीटवर आपल्या आईंना तास-दीड तास त्रास न होता बसता आले पाहिजे. इंजिन किती ताकदीचे, फोर-व्हील ड्राइव्ह आहे की नाही, पुढची जाळी कशी दिसते, हे सगळे त्यानंतर येते. शोरूममध्ये मात्र घरातला कर्ता माणूस चालकाच्या सीटवर बसतो, उंचावरून रस्ता दिसतो, मन भरून येते आणि निर्णय तिथेच होऊन जातो. मागे कोण बसणार आहे, याचा विचार गाडी दारात आल्यावर सुरू होतो.

आधी कागदपत्रांबद्दल सांगतो, कारण सर्वांत जास्त निराशा याच बाबतीत झालेली मी पाहिली आहे. डबल कॅब पिकअप दिसायला एकसारख्या असल्या, तरी कायद्याच्या दृष्टीने त्यांचे दोन निराळे प्रकार पडतात. काही गाड्या खासगी वाहन म्हणून पांढऱ्या पाटीवर नोंदवता येतात. इसुझू व्ही-क्रॉस हे त्याचे आपल्याकडे सर्वांत जास्त दिसणारे उदाहरण आहे. बोलेरो कॅम्परसारख्या गाड्या मात्र मालवाहू म्हणून पिवळ्या पाटीवर येतात, मग त्यात पाच माणसे बसत असोत. पाटीच्या रंगाबरोबर सगळा व्यवहारच बदलतो. मालवाहू गाडीला योग्यता प्रमाणपत्र लागते. नव्या गाडीचे पहिली दोन वर्षे चालते, पुढे गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी ते नव्याने घ्यावे लागते. शिवाय अशा गाडीला कारखान्यातूनच ताशी ८० किलोमीटरचा वेगनियंत्रक बसवलेला असतो. समृद्धी महामार्गाचा इगतपुरीपासून आमण्यापर्यंतचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून मुंबईकडे जाणारी बरीच कुटुंबे त्या रस्त्याने जातात. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे अशा प्रवेश-नियंत्रित द्रुतगती मार्गावर प्रवासी मोटारीची कमाल मर्यादा १२० आहे आणि मालवाहू वाहनाची ८० आहे. ही मर्यादा पाटीबरोबर येते, त्यामुळे गाडीत मुले बसली आहेत की कांद्याच्या गोण्या, याने तिच्यात फरक पडत नाही.

विम्याचेही तसेच आहे. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार १५०० सीसीपेक्षा मोठ्या खासगी मोटारीचा तृतीय पक्ष विमा वर्षाला ७,८९७ रुपये होता, तर भाड्याने माल वाहणाऱ्या, साडेसात टनांपर्यंतच्या चारचाकी वाहनाचा १६,०४९ रुपये होता. वर कर वेगळा. टोलनाक्यावर फास्टॅगचा वर्ग नोंदणीनुसार ठरतो, त्यामुळे घोटी, पिंपळगाव बसवंत किंवा शिंदे यांपैकी कोणत्याही नाक्यावर हलक्या मालवाहू वाहनाला मोटारीपेक्षा जास्त टोल पडतो. खासगी पिकअप घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात फास्टॅग मोटारीच्या वर्गात निघाला आहे ना, हे पाहून घ्यावे. गाडीचा आकार बघून चुकीचा वर्ग टाकला गेल्याची उदाहरणे होतात आणि पुढे दुरुस्ती करून घेण्यात वेळ जातो.

खासगी नोंदणीची किंमत मात्र आधीच मोजावी लागते. महाराष्ट्रात खासगी डिझेल गाडीला एकरकमी मोटार वाहन कर किमतीच्या टक्केवारीने लागतो: १० लाखांपर्यंत १३ टक्के, १० ते २० लाखांना १४ आणि त्यावर १५ टक्के. गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर दर बराच वाढतो, म्हणून शेतकरी कुटुंबाने ती व्यक्तीच्या नावावरच घ्यावी. ज्यांचा जीएसटी नोंदणीकृत प्रक्रिया उद्योग किंवा पॅकहाऊस आहे, त्यांचे गणित वेगळे असते, कारण माल वाहण्याच्या वाहनावर भरलेल्या कराची वजावट मिळू शकते आणि माणसे नेण्याच्या मोटारीवर ती सहसा मिळत नाही. त्यांनी आपल्या सनदी लेखापालाला विचारूनच पाटीचा रंग ठरवावा. आपल्याला तो प्रश्न नाही.

परवाना आणि परमिट यांबद्दल बराच गैरसमज आहे, तोही इथे दूर करतो. एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू वाहनाला मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ प्रमाणे परमिट लागत नाही. आणि हलक्या मोटार वाहनाचा साधा परवाना असलेल्या व्यक्तीला साडेसात टनांच्या आतले हलके मालवाहू वाहन चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणजे पिवळ्या पाटीची गाडी घेतली, तरी घरातल्या कोणाला नवा परवाना काढण्याची गरज नाही. पेठ रोडच्या आरटीओ कार्यालयाच्या आसपास याविषयी वेगळे काही सांगून पैसे मागणारे भेटले, तर त्यांच्या नादी लागू नये.

आता भाराचा विषय घेऊ. आपण हौद्याकडे बघून अर्धा-पाऊण टन सहज नेता येईल असे गृहीत धरले असावे. नोंदणी प्रमाणपत्रावर रिकामे वजन आणि एकूण वजन असे दोन आकडे असतात. दुसऱ्यातून पहिला वजा केला की गाडीवर कायदेशीरपणे चढवता येणारे वजन कळते, आणि त्या वजनात माणसेही आली. समजा रिकामे वजन २,१०० आणि एकूण वजन २,६०० किलो आहे. फरक झाला ५०० किलो. आपण पाच जण सरासरी ६० किलोचे धरले, तरी ३०० किलो तिथेच गेले. उरले २००. युरियाची गोणी ४५ किलोची असते, मिश्रखताची ५० किलोची. म्हणजे सगळे कुटुंब गाडीत असताना मागे चार गोण्या. टोमॅटोची क्रेट वीस-बावीस किलोची धरली, तर नऊ. घरचे पाच जण आणि बागेचा माल एकाच फेरीत, हे चित्र कागदावर टिकत नाही. आणि खासगी वापराच्या महागड्या पिकअपची भारक्षमता, त्यांची अंगलट पाहून वाटते त्यापेक्षा पुष्कळदा कमी असते, तर साध्या मालवाहू पिकअपची जास्त असते. किंमत जास्त म्हणजे ओझे जास्त, असा हिशेब इथे लागत नाही. म्हणून विक्रेत्याकडे हे दोन आकडे मागावेत आणि ते लेखी घ्यावेत.

यालाच जोडून आपल्याला एक प्रश्न विचारतो, कारण उत्तर त्यावर पुष्कळ अवलंबून आहे. बागेतला माल आपण स्वतः बाजारात नेता का? दिंडोरी-निफाडकडे द्राक्षांचा सौदा बहुतेक बागेतच होतो आणि माल व्यापाऱ्याच्या गाडीत जातो. निर्यातीचा असेल तर पॅकहाऊसची व्यवस्था असते. शेणखत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून येते. मग आपल्या गाडीवर उरते ते काय? एप्रिलमधल्या खरड छाटणीच्या आणि ऑक्टोबरमधल्या गोडी छाटणीच्या आगेमागे खतांच्या गोण्या, अधूनमधून औषधांचे डबे, ठिबकच्या लॅटरल नळ्यांची वेटोळी, दुरुस्तीला न्यायचा फवारणीचा एचटीपी पंप. वर्षातले काही आठवडे गाडीला भरपूर काम असते आणि बाकी वर्षभर हौदा रिकामा फिरतो. ज्यांच्याकडे द्राक्षांबरोबर टोमॅटो, कोबी किंवा इतर भाजीपाला आहे आणि हंगामात रोज पिंपळगावच्या किंवा नाशिकच्या बाजार समितीत जावे लागते, त्यांच्या बाबतीत पिकअप स्वतःचा खर्च भरून काढते. केवळ चार एकर द्राक्षांसाठी ती तसा भरून काढेल, असे मला वाटत नाही.

मागच्या सीटकडे येतो. डबल कॅबमध्ये मागची बैठक हौद्याच्या पुढच्या भिंतीला टेकलेली असते, त्यामुळे पाठ टेकण्याचा कोन मोटारीपेक्षा जास्त सरळ असतो आणि तो बदलताही येत नाही. पुष्कळ गाड्यांत सीटचा तळ केबिनच्या फरशीपासून फार वर नसतो; मग मांड्यांना आधार मिळत नाही आणि गुडघे वर येतात. तरुण माणसाला दिंडोरीपर्यंत काही जाणवणार नाही. गुडघ्याचा त्रास असलेल्या साठीच्या पुढच्या व्यक्तीला वणीला पोहोचेपर्यंत जाणवेल, आणि नांदुरीहून सप्तशृंगी गडाचा घाट चढताना तर नक्कीच जाणवेल. त्यातच मागच्या चाकांना कमानी पाटे असतात. ते ओझ्यासाठी बनवलेले असल्याने हौदा रिकामा असताना कडक राहतात, आणि दिंडोरी रोडच्या प्रत्येक गतिरोधकावर मागची बाजू आधी उचलली जाते, मग आपटते. दीडशे-दोनशे किलो वजन मागे असले की तीच गाडी शहाण्यासारखी चालते. कुटुंबासाठी गाडी निघते तेव्हा मात्र हौदा रिकामाच असतो, ही खरी अडचण आहे.

म्हणून चाचणी फेरीला आईंना सोबत न्यावे, आणि चढण्यापासून बघावे. मागचे दार पूर्ण उघडते का, की साठ-सत्तर अंशांवर अडते? पायरी आहे का, आणि ती पाऊलभर रुंद आहे की नुसती नळी बसवली आहे? दाराच्या चौकटीच्या मधल्या खांबावर हाताला धरायला मूठ आहे का? गुडघेदुखीचा माणूस आधी मुठीला धरतो, मग चांगला पाय पायरीवर ठेवतो आणि अंग वर ओढून घेतो. मूठ नसेल तर तो पुढच्या सीटच्या पाठीला धरतो आणि तिथे बसलेल्या माणसाचे डोके मागे ओढले जाते. उतरताना उलटे होते: त्रासाचा पाय आधी खाली येतो आणि सगळे वजन त्यावर पडते. शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर एकदा उतरून हे कळत नाही. गाडी रिकामी ठेवून, मागे तीन माणसे बसवून, खराब रस्त्यावर किमान अर्धा तास फिरवावे. मागच्या बाजूला एसीची हवा पोहोचते का, हेही त्याच फेरीत, शक्यतो दुपारी, पाहावे. चाचणीनंतर आईंना फक्त "कशी वाटली" असे विचारू नये, कारण मुलाने हौसेने दाखवलेल्या गाडीला नावे ठेवणारी आई विरळा; "या गाडीतून उद्या वणीला जायचे का" असे विचारावे.

सुरक्षेच्या बाबतीतही पाटीचा रंग आड येतो. पुढच्या दोन्ही सीटसाठी एअरबॅग सक्तीच्या झाल्या त्या प्रवासी वर्गातल्या मोटारींसाठी: चालकाची जुलै २०१९ पासून, आणि शेजारच्या सीटची नव्या मॉडेलांना एप्रिल २०२१ पासून, जुन्या मॉडेलांना त्याच वर्षाअखेरपासून. मालवाहू वर्गाची डबल कॅब या सक्तीत येत नाही, म्हणून त्यात काय आहे आणि काय नाही हे प्रत्येक गाडीच्या बाबतीत स्वतंत्रपणे तपासावे लागते. मागच्या तिन्ही जागांना तीन बिंदूंचे पट्टे हवेत, डोक्याला आधार हवा, आणि मुले लहान असतील तर बालआसन अडकवण्याच्या आयसोफिक्स कड्या हव्यात. यांतले काही नसेल, तर ती गाडी शेतावर कितीही उपयोगी असली, तरी कुटुंबाची गाडी म्हणून मी तिची शिफारस करणार नाही.

आणि हौद्यात माणसे बसवायची नाहीत. हे मी कळकळीने सांगतो आहे. छाटणी आणि थिनिंगच्या (घड विरळ करण्याच्या) दिवसांत पेठ-सुरगाण्याकडून मजुरांच्या टोळ्या येतात, आणि त्यांना गावापासून बागेपर्यंत पिकअपच्या हौद्यात उभे करून नेण्याची आपल्याकडे सवयच पडून गेली आहे. एका वळणावर फाळका उघडला किंवा गाडी कलली, की जीव जातात. मालवाहू वाहनात फुकट बसलेल्या प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच स्पष्ट केले आहे. मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी सोबत असेल तर गोष्ट वेगळी, पण हौद्यातले बारा मजूर त्यात बसत नाहीत. गाडी घरची झाली की "फक्त गावापर्यंत" म्हणून ही मागणी रोज येईल. पहिल्या दिवसापासून नाही म्हणावे आणि मजुरांसाठी प्रवासी गाडी सांगावी. घरातल्या मुलांनाही मळ्याच्या रस्त्यावर मजा म्हणून मागे बसू देऊ नये.

द्राक्ष बागायतदाराच्या घरात आणखी एक गोष्ट इतरांपेक्षा जास्त जपावी लागते, ती म्हणजे औषधांची वाहतूक. गोडी छाटणीनंतर वेलीच्या काड्यांवरचे डोळे (कोंब) फुटण्यासाठी लावतात ते हायड्रोजन सायनामाइड अत्यंत विषारी आहे. कातडीतून आणि श्वासातून ते शरीरात जाते, आणि ते हाताळल्यानंतर दारू प्यायल्यास गंभीर त्रास होतो. बुरशीनाशके आणि कीटकनाशके यांतली काही त्यापेक्षा सौम्य असली, तरी मुलांच्या दप्तराशेजारी ठेवण्याच्या वस्तू नव्हेत. हॅचबॅकच्या डिकीतून औषधे आणण्याची जी पद्धत आहे, ती सर्वांत घातक, कारण डिकीची आणि बसणाऱ्यांची हवा एकच असते. इथे पिकअपचा फायदा निर्विवाद आहे: हौदा केबिनपासून पूर्ण वेगळा असतो. औषधांसाठी हौद्यात झाकणाची, कुलूप लागणारी प्लास्टिकची पेटी पट्ट्याने बांधून कायमची ठेवावी आणि फवारणीचे कपडे, हातमोजे, मास्कही त्याच पेटीत टाकावेत. सांडलेच तर हौदा बागेवरच, विहिरीपासून आणि पाटापासून दूर धुवावा. केबिनमध्ये औषधाची बाटली पायाशी ठेवून आणायची नाही, मग ती अर्धा लिटरची का असेना. मला विचाराल तर एकट्या या कारणासाठी बागायतदाराने मालाची गाडी वेगळी ठेवणे योग्य ठरते.

गाडीची लांबी हा शहरातला मोठा प्रश्न आहे. व्ही-क्रॉस आणि टोयोटा हायलक्स दोन्ही सुमारे ५.३ मीटर लांब आहेत. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत मोटारीसाठी धरलेली पार्किंगची मोठी जागा ५ बाय अडीच मीटरची आहे, आणि लहान मोटारीची साडेचार बाय २.३ मीटरची. म्हणजे नियमाप्रमाणे आखलेल्या मोठ्या जागेतही ही गाडी फूटभर बाहेर राहते, आणि सोसायटीत वादाला तेवढे पुरते. यांत्रिक पार्किंग असेल तर विषयच संपतो, कारण लांबीबरोबर वजनाचीही मर्यादा असते आणि ही गाडी रिकामीच दोन टनांच्या घरात असते. बुकिंग करण्याआधी टेप घेऊन आपली जागा मोजावी; दोन खांबांमधली रुंदी, समोरच्या मार्गिकेची रुंदी आणि उतार संपतो तिथले वळणही मोजावे. कॉलेज रोडला संध्याकाळी किंवा रविवार कारंजा, मेन रोडच्या बाजूला ही गाडी घेऊन जाणे म्हणजे पार्किंगसाठी फिरत राहणे होय. ज्या घरात गाडी दोघेही चालवतात, तिथे दुसऱ्या चालकानेही आपल्या सोसायटीच्या उतारावरून ती एकदा वर-खाली करून बघितल्याशिवाय होकार देऊ नये.

पावसाळ्यात रिकाम्या पिकअपची मागची चाके हलकी असतात. इंजिनाचे वजन पुढे असते आणि जोर मागच्या चाकांना मिळतो, म्हणून पेठकडच्या घाटात किंवा कसाऱ्याच्या ओल्या वळणावर ॲक्सिलरेटर जरा जास्त दाबला तर मागची बाजू सरकते. स्थिरता राखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असलेलेच मॉडेल घ्यावे. फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर ती निसरड्या चिखलासाठी असते; या गाड्यांत ती गरजेपुरती जोडण्याची असल्याने कोरड्या डांबरी रस्त्यावर जोडून ठेवल्यास पुढचे-मागचे ॲक्सल एकमेकांना ओढतात आणि गिअरच्या भागांवर ताण येतो. काळ्या मातीच्या रस्त्यावर पावसाळ्यात रोज जावे लागत नसेल, तर टू-व्हील ड्राइव्ह पुरते आणि बरेच पैसे वाचतात. टायरमधल्या हवेचे रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी वेगवेगळे आकडे दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर दिलेले असतात. हवा भरणारा मुलगा पिकअप दिसली की भरलेल्या गाडीचा आकडा भरतो, आणि मग मागच्या सीटवरचे धक्के आणखी वाढतात. रिकाम्या गाडीचा आकडा सांगून भरून घेतला, तर आईंचा प्रवास फुकटात सुधारतो.

बीएस-६ डिझेल इंजिनाबद्दलही सावध करतो. धुरातली काजळी अडवणारा फिल्टर स्वच्छ होण्यासाठी गाडी अधूनमधून सलग अर्धा तास महामार्गाच्या वेगाने चालावी लागते. शाळा, भाजी, क्लास अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांतच ती फिरली, तर फिल्टर भरतो, दिवा लागतो आणि खर्च निघतो. आपली बागेवरची फेरी नियमित असेल, तर तीच या इंजिनाचे औषध आहे. इंधनाचे म्हणाल तर शहरात लिटरला नऊ-दहा आणि महामार्गावर बारा-तेरा किलोमीटर धरून चालावे. हॅचबॅकची सवय असलेल्या घराला हा फरक दर महिन्याला जाणवेल.

कोणती घ्यावी, याला आपल्या बाजारात फार पर्याय नाहीत. हायलक्समध्ये फॉर्च्युनरचेच २.८ लिटर डिझेल इंजिन आहे, गाडी अत्यंत मजबूत आहे, पण त्या किमतीत उत्तम सात आसनी गाडी येते. व्ही-क्रॉस २०१६ पासून आपल्याकडे आहे. कुटुंब आणि शेत यांच्यामध्ये बसणारी गाडी म्हणून मला ती जास्त समतोल वाटते, मात्र सेवा केंद्र आपल्यापासून किती लांब आहे आणि काच, बंपर, दिवे यांसारखे सुटे भाग किती दिवसांत येतात, हे आधी विचारावे. बोलेरो कॅम्पर आणि टाटा योद्धाची क्रू कॅब किमतीने निम्म्याहून कमी असतात, तालुक्याच्या ठिकाणीही दुरुस्त होतात, पण त्या कामाच्या गाड्या आहेत. महिंद्रचा कारखाना आपल्या सातपूरलाच आहे, बोलेरो इथे घरची मानली जाते, आणि त्या आपुलकीपोटी कॅम्परकडे कुटुंबाची गाडी म्हणून पाहणारे पुष्कळ भेटतात. आपुलकी रास्त आहे. पण मागच्या सीटवर आई आणि दोन मुले बसणार असतील, तर वर सांगितलेली सुरक्षेची तपासणी तिलाही लागू होते.

आपण सांगितलेल्या परिस्थितीत माझा सल्ला असा आहे. हॅचबॅक आत्ता विकू नये; ती फारच थकली असेल तर तिच्या जागी बसायला-उतरायला सोपी, जराशी उंच बैठकीची साधी मोटार घ्यावी, आणि बागेसाठी चांगल्या अवस्थेतली जुनी सिंगल कॅब पिकअप घेऊन ती मळ्यावरच ठेवावी. दोन्हींचा मिळून खर्च नव्या खासगी डबल कॅबपेक्षा कमी येईल, औषधे आणि मुले कधी एका गाडीत येणार नाहीत, आणि सोसायटीत जागेचा प्रश्न उद्भवणार नाही. पुढे भाजीपाला वाढवून रोज बाजार समितीत जाण्याची योजना असेल, पार्किंगची जागा साडेपाच मीटर भरत असेल आणि आईंनी त्या चाचणी फेरीनंतर मनापासून होकार दिला असेल, तर खासगी नोंदणीची, टू-व्हील ड्राइव्ह, शक्यतो ऑटोमॅटिक डबल कॅब खुशाल घ्यावी.

जुनी पिकअप पाहायला जाल तेव्हा ती पिटवर किंवा लिफ्टवर चढवून खालून बघण्याचा आग्रह धरावा. चासीवर मागचे पाटे जिथे अडकतात त्या ब्रॅकेटच्या भोवती वेल्डिंगचा ताजा डाग किंवा नवा काळा रंग दिसला, तर गाडीने क्षमतेबाहेर ओझे वाहिले आहे असे समजावे. पाट्यांची संख्या दोन्ही बाजूंना मोजावी. कंपनीच्या संख्येपेक्षा एखादा पाटा वाढवलेला असेल, तर तोच अर्थ. हौद्यातले रबर किंवा प्लास्टिकचे आवरण उचलून खालचा पत्रा पाहावा, कारण खतांचे क्षार तिथे साचतात आणि वरून चकाचक दिसणारा हौदा आतून कुजलेला निघतो. मागच्या डिफरन्शियलमधून तेल गळते का, फाळक्याच्या बिजागऱ्या सैल आहेत का, हेही पाहावे. मग परिवहनच्या संकेतस्थळावर कर्जाचा बोजा, योग्यता प्रमाणपत्राची मुदत, कर, विमा आणि थकलेली ई-चलने तपासावीत, आणि बोजा असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र हातात पडल्याशिवाय विसार देऊ नये.